मेणातली गाठ

विश्रामबाग, सांगली
३ जानेवारी २०२४

ती. सौ. राजेश्वरी वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं क्षेम, तिकडचं क्षेम कळवावं असं लिहायची रीत आहे. तुमच्याकडचं क्षेम मला ठाऊक आहे, म्हणून ती ओळ गाळते.

फोनवरचं आपलं बोलणं म्हणजे निव्वळ सोंग झालंय. गाठीनं स्वरयंत्राची नस दाबली आणि दादाचा आवाज गेला, पण कान कुठं गेलेत? तो शेजारी बसलेला असतो, म्हणून तुम्ही मला मेथीचा भाव सांगता आणि मी तुम्हाला सांगलीची थंडी. शेवटी आज कागद घेतला. दादा फौजेत होता तेव्हा तुम्ही त्याला पानंच्या पानं लिहायचात आणि मी चिडवायची. आता माझ्यावर तीच पाळी आली.

परवा तुम्ही परड्यात जाऊन हळूच फोन केलात आणि विचारलंत, की दोन वर्षांपूर्वी मिरजेला ऑपरेशन झालं, डाव्या फुफ्फुसातली गाठ मुळासकट काढली, मग आता ती उजव्या फुफ्फुसात आणि मणक्यात पोचली कशी. गावात सगळे म्हणतात लोखंड लागलं म्हणून पसरलं. दादाही पाटीवर तेच लिहितो म्हणे, आता अंगाला सुईसुद्धा लागू देणार नाही. म्हणून मी आमच्या यशूला विचारलं. माझी लेक पुण्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर करते काय, तर उंदरांच्या फुफ्फुसातल्या गाठी बघते. तिनं असं काही सांगितलं, की जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या मलाही घाम फुटला. मग म्हटलं, बाई गं, मामाला कळेल असं सांग.

तर ऐका. शरीराच्या प्रत्येक पेशीत जनुकं सगळी तीच असतात, फुफ्फुसात तीच आणि केसाच्या मुळातही तीच. फरक इतकाच, की कुठं कुठलं चालू आहे आणि कुठलं बंद. आपल्या उसाच्या पाटासारखं. पाट एकच, दारं पुष्कळ, ज्याचं दार मोडलं त्या सरीत पाणी. आईच्या पोटात मूल घडत असताना पेशींना जागा सोडून हिंडावं लागतं, तेव्हा त्या हिंडण्याचं दार उघडं असतं. पुढं ते लिंपून टाकलेलं असतं. गाठीतल्या पेशींनी ते परत मोडलं, पाटकऱ्याला न विचारता. लोखंडाचा यात काही दोष नाही.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला. गाठ एका जागी बसून असते आणि रक्तातून लांब लांब निरोप धाडते. ते निरोप पुढं जाऊन अंथरूण घालून ठेवतात आणि मागून पाहुणे वस्तीला येतात. अशी ही लबाड जात आहे.

पण वहिनी, कुठलं दार मोडलंय ते सापडलं, तर ते बंद करणारी गोळी आता निघाली आहे. सगळ्यांना लागू पडत नाही. ज्यांना पडते ती माणसं पुढं कैक वर्षं शेतात हिंडतात. ही गोळी देणाऱ्या एका डॉक्टरांची इथं सांगलीत २९ तारखेची वेळ मिळवली आहे. दादाला किमो झेपणार नाही, हे सातारच्या डॉक्टरांनी सांगितलंच आहे. म्हणजे एवढा एकच दोर उरला, तो मी दोन्ही हातांनी धरलाय.

स्वतः जेवा, नुसतं त्याला भरवू नका. लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नका.

आपली,
संयोगिता


मु. पो. आरफळ, ता. सातारा
१४ जानेवारी, भोगी

सौ. संयोगिता वन्संना,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमन आला तेव्हा हे ओसरीवरच होते, पण आमच्या घरात ज्याच्या नावाचं पत्र त्यानंच फोडायचं हा ह्यांचाच नियम, म्हणून नुसते माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी म्हटलं, साडीच्या गोष्टी आहेत.

आज भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी केली. अर्धी खाल्ली त्यांनी. भांडण तर पाटीवरही सोडत नाहीत. त्यांचं लिहून होईस्तोवर मी चुलीपाशी गेलेली असते, मग पाटी भिंतीवर आपटतात. आमच्या उदयसिंहाचा आसामहून फोन होता, मार्चशिवाय रजा नाही म्हणाला. मी त्याला फार काही सांगितलं नाही, पोर तिकडं एकटं आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमचं पत्र वाचलं आणि माझ्या डोक्यात उजेडच पडला. गाठ एका जागी बसून निरोप धाडते, असं तुम्ही लिहिलंत. मी विचार केला, ह्यांच्या छातीतली गाठ तर डॉक्टरांनी सगळी काढली, मग निरोप धाडतंय कोण? आणि एकदम आठवलं, गाठ तर आमच्या कपाटात आहे! ऑपरेशननंतर ह्यांनी सही करून तिचा तुकडा मागून आणला होता, काडेपेटीएवढ्या जाळीत मेणात बसवलेला, सोबत तपासणीच्या काचेच्या पट्ट्या, सगळं एका डबीत. आपली वस्तू आपल्याकडं, ही ह्यांची फौजेची सवय. दोन वर्षं ती डबी पेन्शनच्या कागदांशेजारी होती, आमच्या उशाशी.

मनुबाईंना जाऊन विचारलं. आमच्या चुलत सासूबाई त्या, अशा गोष्टी त्यांना कळतात. त्या म्हणाल्या की आगं, कापल्यालं अंग कुनी घरात ठेवतंय व्हय, त्ये आपल्या मानसाला हाका मारत ऱ्हातंय, आवसंला वाहत्या पान्यात सोड आन् मागं बघू नगं. मग अवसेच्या सकाळी माहुलीला गेले. कृष्णेच्या संगमावर अंघोळ केली, हळदकुंकू वाहिलं, नारळ दिला आणि डबीतलं सगळं धारेत सोडलं, त्या काचेच्या पट्ट्यासुद्धा. पट्ट्या बुडाल्या. मेण तरंगत गेलं आणि दिसेनासं झालं.

वन्संऽ, त्या रात्री हे झोपले! खोकला नाही, उठबस नाही. तेव्हापासून रोज झोपतात. माझ्या डोळ्याला पाणी येतं नुसतं बघून. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, मला न विचारता माझी वस्तू का टाकली म्हणून चिडतील. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. इतकं शिकून तुम्ही मला अडाणी समजला नाहीत, सगळं फोड करून लिहिलंत, म्हणून तर मला हे सुचलं. हे उपकार मी विसरायची नाही.

तिळगूळ मागून धाडते. तुमच्या मायेची भुकेली,

राजेश्वरी


सांगली
१५ जानेवारी, संक्रांत

ती. कृष्णात दादास,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ घे. गोड बोल म्हणायची सोय राहिली नाही, तेव्हा गोड लिही.

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावावर आहे, कारण कागदपत्रं तुझ्या खात्यातली. २९ च्या डॉक्टरांशी यशू बोलली. ते म्हणाले, डिसेंबरात रक्त तपासलं त्यात काही हाती लागलेलं नाही, आता सगळी भिस्त ऑपरेशनच्या जुन्या तुकड्यावर. मेणातला तुकडा असला तर त्यातून जनुकं वाचता येतात, कुठलं दार मोडलंय ते कळतं. मेणात तो वर्षानुवर्षं टिकतो म्हणे. मी लगेच मिरजेच्या दवाखान्यात गेले, तर तिथला माणूस म्हणाला की तो पेशंटनंच सही करून नेलाय.

दादा, तुझ्या त्या फौजी चोखपणाला मी जन्मभर हसत आले. आज मनातल्या मनात तुझ्या पाया पडले. तू सुई नको नको म्हणत होतास ना? बघ, देवानं ऐकलं. नवा तुकडा काढायला सुई घालायची गरजच नाही. डबी तेवढी घेऊन ये.

मेण आहे, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नको. वहिनींना म्हणावं, दागिन्यांच्या डब्यात ठेवा, आजपासून तोच दागिना. येताना डबी पिशवीत नको, हातात धर. मला आज कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

लहान बहीण समजून माया करतोस, तशीच करत राहा.

तुझी,
संयोगिता


आरफळ
१८ जानेवारी

चि. सौ. संयोगितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कपाट उघडलं. डबी न्हाई.

तुझ्या वहिनीला पाटीवर विचारलं, डबी कुठं हाय. ती हसली. लय दिवसांनी हसली बघ. मग पदर खोचून सगळी हकीकत सांगितली, मनुबाई, संगम, नारळ. तुलाही तिनं लिहिलंय म्हणाली, म्हणजे तुला कळलं असेलच. सांगताना तिचं तोंड असं उजळलं होतं, की लग्नात सुद्धा मी तसं बघितलं नव्हतं. मी पाटी पुसली आणि लिहिलं, बरं केलंस. दुसरं काय लिहिणार होतो, तूच सांग.

आता हुकूम ऐक. तिला हे कळता कामा नये. आज न्हाई, मी गेल्यावर न्हाई, कवाच न्हाई. जे केलं ते तिनं माझ्यासाठी केलं. कळलं तर ती त्या संगमाकडं तोंड करून बसंल आणि मरेपर्यंत उठणार न्हाई. तिला सांगायचं, डॉक्टरला ताजाच तुकडा लागतो, जुना चालत न्हाई. सुईला मी तयार हाय.

तुझं पत्र चुलीत घातलं. हे तूही घाल. झोप लागते ती नव्या गोळ्यांनी, सातारच्या डॉक्टरनं बदलून दिल्यात. तेही तिला सांगितलेलं न्हाई.

तुझा,
दादा


सांगली
२१ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न.

वहिनींचं पत्र आलं तेव्हा मी जिन्यात होते. वाचलं आणि तिथंच पायरीवर बसले. नंतर कशी गेले कुणास ठाऊक, घाटावर जाऊन उभी राहिले. दादा, तुझी ही शहाणी बहीण कृष्णेच्या पाण्यात काडेपेटीएवढा तुकडा शोधत होती. माहुलीपासून इथंवर किती बंधारे आहेत, मला का ठाऊक नाही? तरी आयर्विन पुलापर्यंत काठाकाठानं चालत गेले. एका नावाड्यानं विचारलं की बाई, काय पडलं का पाण्यात. मी हो म्हटलं आणि तशीच पाण्याकडं बघत पुढं गेले.

वहिनींचा यात काही दोष नाही. दोष माझ्या पत्राचा आहे. यशूनं मला सांगितलं होतं, की गाठ काढायच्या आधीच काही पेशी निसटलेल्या असतात, लांब कुठं तरी गप्प बसून राहतात आणि वेळ आली की उठतात. ते एक वाक्य मी गाळलं. पत्र लांबेल म्हणून गाळलं. ते लिहिलं असतं तर निरोप कोण धाडतंय हा प्रश्नच त्यांना पडला नसता.

तुझा हुकूम मात्र मला पटलेला नाही. अशा गोष्टी झाकून राहत नाहीत, आणि मला खोटं निभावता येत नाही, शाळेत असताना मार खायचे मी त्यापायी. त्यांना आपण दोघांनी मिळून सांगू, समजावून सांगू. दुसरं म्हणजे सुई. तुझ्या डाव्या बाजूला आधीच अर्धं फुफ्फुस, आणि उजवीकडची गाठ खोल आहे. यशू म्हणते धोका आहे. मी तिच्यावरच ओरडले, मग दुसरा मार्ग दाखव म्हटलं. तिच्याकडे नाही. कुणाकडेच नाही.

मला फार भीती वाटते दादा. लवकर लिही.

तुझी,
संयोगिता


आरफळ
२५ जानेवारी

चि. संयोगितास,
आशीर्वाद.

खोटं बोलता येत नसेल तर गप बस. गप बसणं म्हणजे खोटं न्हवं. पण वेळ आलीच तर खोटंही बोलायचं. मोठ्या भावाचं एवढं ऐकायचं.

तुला एक सांगतो, पाटीवर हे लिहिता येत न्हाई, ती वाचते. मला जगायचं हाय. लोक म्हणतात, फौजी माणूस, मरणाला भीत नसेल. लय भितो. सकाळी ती अंगण झाडती आणि मी खाटेवर पडून तिचा खराटा ऐकतो, तवा वाटतं की एवढंच रोज ऐकायला मिळालं तरी पुरे, बाकी काय नको. त्या गोळीवर माझा जीव टांगलाय. सुई उजव्या बाजूनं घालू दे, डाव्या बाजूनं घालू दे, कुठूनही घालू दे. धोका विचारू नको.

२९ ला पोचतो. वहिनीपुढं तोंड सांभाळ. तुझ्यावर भरवसा ठेवून,

दादा


आरफळ
२० मार्च

संयोगिता वन्संस,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून लिहीत नाही. तेराव्याला तुम्ही आलात, मी तुमच्याशी बोलले नाही. चारचौघांत तमाशा नको होता. आज लिहिते.

२ फेब्रुवारीला तुम्ही ह्यांना सुई घालायला लावलीत. फुफ्फुसाभोवती हवा भरली, छातीत नळी घालावी लागली. एवढं करून जो तुकडा निघाला तो मेलेल्या पेशींचा, तपासणीला पुरत नाही म्हणाले. परत सुई घालण्याजोगं त्यांच्यात काही उरलं नव्हतं. घरी आणले ते आडवेच, आणि शिवरात्र बघितली नाही. उदयसिंह मातीला कसाबसा पोचला. बापाशी पाटीवरसुद्धा बोलणं झालं नाही त्याचं.

अवसेनंतर हे झोपत होते, वन्संऽ. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. मी ते दुखणं घरातून काढून नदीला दिलं होतं. तुम्ही ताजा तुकडा पाहिजे, ताजाच पाहिजे म्हणून हट्ट धरलात. ज्या माणसानं सुई नको म्हणून पाटीवर लिहून लिहून पेन्सिली झिजवल्या, तो एकाएकी सुईला हो कसा म्हणाला? तुम्हीच त्याच्या मागं लागलात. लोखंड लागलं आणि माझं माणूस गेलं.

एवढं लिहून थांबणार होते. पण दहाव्याला सातारच्या डॉक्टरांचा कंपाउंडर आला होता. तो बोलता बोलता म्हणाला, की आवं काकू, त्यो मेनातला जुना तुकडा असता तर सुई कशाला लागली असती. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. रात्रंदिवस तेच ऐकू येतं. तो खरं बोलला असेल, तर मी काय करून बसले? मला तुमचा राग आलाय, तोंड बघायची इच्छा नाही, पण तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. काय असेल ते खरं लिहा.

आणि इथून पुढं या घरी येऊ नका. भाऊबीजेला ओवाळायला कुणी उरलेलं नाही.

राजेश्वरी


सांगली
२७ मार्च

ती. राजेश्वरी वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. खरं विचारलंत, खरं लिहिते.

कंपाउंडरच्या बोलण्याला काही अर्थ नाही. मेणातला तुकडा दोन वर्षांत निकामी होतो, त्यातून काही वाचता येत नाही. तुम्ही तो जपून ठेवला असतात आणि मी तो डॉक्टरांच्या हातात नेऊन दिला असता, तरी त्यांनी बाजूला सारला असता. मी यशूला परत विचारून हे लिहिते आहे. संगमावर तुम्ही जे केलंत त्यानं कुणाचं वाईट झालेलं नाही. त्यानंतर दादा झोपला. माझा भाऊ कितीतरी महिन्यांनी झोपला तो तुमच्यामुळं, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. त्यात कुणाचं ऐकू नका.

सुईचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. ती त्याला नको होती, तुम्हाला नको होती, एकट्या मला हवी होती. चार बुकं शिकवलेल्या बाईला वाटतं, आपल्याला सगळं कळतं. यशूनं धोका सांगितला होता, तो मी कानाआड केला. दादाला मी पत्रावर पत्र लिहून भरीस घातलं. तो बहिणीच्या शब्दाबाहेर गेला नाही, एवढंच त्याचं चुकलं.

येऊ नका म्हणालात, येणार नाही. भाऊबीजेला नाही, वर्षश्राद्धालाही नाही. उदयसिंह विचारील, आत्या का येत नाही म्हणून. त्याला हेच सांगा, जसं मला लिहिलंत तसं. माझी हरकत नाही.

तेवढं जेवत जा. मनुबाईंना सोबतीला झोपायला बोलवा, रिकाम्या घरात एकट्या राहू नका. आणि राग माझ्यावर असावा, माझ्या एकटीवरच असावा, ही विनंती.

आपली,
संयोगिता